उशाखालचा अडकित्ता काढायला लावलात, त्याबद्दल

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

आईचा खांदा आता बरा आहे. वेणी घालायला हात वर जातो. तुम्ही त्यासाठीच आमच्याकडे येत होतात, म्हणून आधी ते सांगितलं. पत्र मात्र बाबांबद्दल आहे.

‘पलंगावरून पडले,’ असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची आणि सगळ्यांना ते पटायचं. तुम्हाला पटलं नाही. व्यायाम करून घेताना हळूच विचारलंत, ‘काकू, पडलात की कुणी मारलं?’ आई म्हणाली, ‘मारलं, पण झोपेत.’ मग सगळं बाहेर आलं. पहाटे बाबा ओरडतात, लाथा झाडतात; कुत्री अंगावर येतात म्हणे, त्यांना हाकलतात. उठवलं की लगेच भानावर येतात आणि ओशाळतात. ज्या माणसानं उभ्या संसारात आवाज चढवला नाही, त्याची तक्रार करायची तरी कशी, म्हणून ती गप्प होती.

वाईट स्वप्नांवर उपाय म्हणून आत्यानं उशाखाली अडकित्ता ठेवायला लावला होता. तुम्ही हसला नाहीत, पण तो आधी काढायला लावलात. झोपेत हात चालवणाऱ्या माणसाच्या उशाशी लोखंड! पलंगाजवळचं टेबल हलवलंत, आईला वेगळ्या खाटेवर झोपायला सांगितलंत.

आणि मग तो प्रश्न: ‘काकांना वास येतो का?’ आईनं माझ्याकडे पाहिलं. थोड्याच दिवसांपूर्वी दूध उतू जाऊन करपलं होतं, घरभर वास, आणि बाबा ओट्याशेजारीच पेपर वाचत बसलेले. पोटही साफ होत नव्हतं. तुम्ही कुठल्याही आजाराचं नाव घेतलं नाहीत. ‘मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा आणि काकूंना बरोबर न्या. रात्री काय होतं ते त्यांनाच माहीत,’ एवढंच म्हणालात.

पुण्यात रात्रभर झोपेची तपासणी झाली. स्वप्नं पडतात त्या झोपेत एरवी हातपाय लुळे पडलेले असतात. बाबांचे पडत नाहीत. १९८६ साली अमेरिकेत मिनियापोलिसच्या डॉक्टरांनी हा आजार पहिल्यांदा नीट मांडला. पुढे कळलं, की पार्किन्सनच्या, म्हणजे कंपवाताच्या, कितीतरी वर्षं आधी तो दिसू शकतो. वास न येणं आणि पोट साफ न होणं हीही त्याचीच आधीची लक्षणं असू शकतात; तुमचा तो प्रश्न तेव्हा उमगला. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. २०१९ साली अनेक देशांतल्या १२८० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १२ वर्षांत चारांतल्या जवळपास तिघांना पार्किन्सन किंवा त्याच्या जातकुळीतला आजार होतो, असा त्यातला अंदाज. ऐकून मी हादरले. बाबा म्हणाले, ‘म्हणजे एक सुटतो की!’

आपल्या आत्याबाई आता उठसूट सगळ्यांच्या स्वप्नांत पार्किन्सन शोधतात. तापात वाईट स्वप्नं पडतात, रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही पडतात, हे त्यांना कोण समजावणार?

बाबांची तब्येत आज ठीक आहे. झोपताना मेलाटोनिनची गोळी, रोज भरभर चालणं, दर वर्षी तपासणी. लाथा कमी झाल्यात, कुत्री अजून येतात. पुढचा आजार थांबवणारं औषध नाही, पण काय बघत राहायचं ते आम्हाला माहीत आहे, आणि ते तुमच्यामुळे.

आईनं तुमच्यासाठी मेतकूट करून ठेवलंय. घ्यायला या. तुम्ही फी घेतलीत तर ती रागावेल.

तुमची,
काकूंची मुलगी