गाठ हाताला लागल्यापासूनचे दिवस मोजा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : स्तनाच्या कर्करोगाचं निदान आणि उपचार होईपर्यंत वाया जाणारे दिवस

महोदय,
स. न. वि. वि.

आमच्या स्वयंपाकघरात गेली चौदा वर्षं दोन बायकांचा वावर आहे. एक मी, आणि दुसऱ्या सकाळी साडेसातला पोळ्या करायला येणाऱ्या मावशी. मी सहकारनगरात राहते, मावशी पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीत. दोघींनाही स्तनाचा कर्करोग झाला. आधी मला, चार वर्षांनी त्यांना. गाठ हाताला लागल्यापासून बायोप्सीचा, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीचा, रिपोर्ट मिळेपर्यंत माझे ९ दिवस गेले. मावशींचे २११. हे पत्र त्या मधल्या २०२ दिवसांबद्दल आहे.

बायका दुखणं अंगावर काढतात, असं सगळेच म्हणतात. मावशींनीही काढलं, पण फक्त पहिले पाच आठवडे. गाठ दुखत नव्हती. दुखत नाही म्हणजे साधीच असेल, असं त्यांनी धरलं. (या आजारातली गाठ सुरुवातीला बहुतेकदा दुखत नाही, हे अजूनही किती घरांत माहीत नाही!) मग त्या वस्तीजवळच्या दवाखान्यात गेल्या. तिथे हात न लावताच सांगितलं, पाळी जायच्या वयात असं होतं, आणि महिन्याच्या गोळ्या दिल्या. महिन्यानंतर एका सरकारी ओपीडीत गेल्या, तर तपासणाऱ्या मॅडम आठवड्यातून एकदाच येणार होत्या. पुढच्या आठवड्यात चार घरांची कामं बुडवून गेल्या, तेव्हा सोनोग्राफीची चिठ्ठी मिळाली आणि सोनोग्राफीची तारीख मिळाली २४ दिवसांनंतरची. मॅमोग्राफीला, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेला, आणखी एकीकडे जायचं होतं. बायोप्सीचं नाव निघाल्यावर मोठे दीर म्हणाले, 'सुई टोचली की पसरतं.' त्यात चाळीस दिवस एका झाडपाल्याच्या पुडीवर गेले. शेवटी बायोप्सी झाली, पण रिपोर्ट कुठल्या खिडकीवर मिळतो हे कळायला दोन खेपा झाल्या.

मी हिशेब मांडला. ३५ दिवस मावशींचे, ४० दिवस घरच्यांच्या भीतीचे. उरलेले १३६ दिवस व्यवस्थेचे. आणि हे सगळं चालू असताना त्या रोज माझ्या ओट्याशी उभ्या राहून पोळ्या लाटत होत्या. मी स्वतः या आजारातून उठलेली बाई. पण त्यांना कधी विचारलं नाही आणि त्या बोलल्या नाहीत. ही बोच मला आयुष्यभर राहणार आहे.

माझी गाठ दोन सेंटिमीटरच्या आत होती. तेवढाच भाग काढला, स्तन राहिला, मग रेडिएशन आणि रोजची एक गोळी. मावशींची गाठ निदानापर्यंत काखेत उतरली होती, वरची कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली होती. त्यांना आधी किमो द्यावी लागली. त्या लाल औषधाने लघवी लाल झाली, तेव्हा रक्तच जातंय असं वाटून त्या रात्रभर बसून राहिल्या. असं होतं हे कोणी सांगितलंच नव्हतं. मग पूर्ण स्तन आणि काखेतल्या गाठी काढल्या, मग 'लाइट', म्हणजे रेडिएशन. काखेतल्या गाठी निघाल्या की हाताला सूज येऊ शकते, आणि त्यासाठी सुरुवातीपासून व्यायाम करायचे असतात. तेही कोणी सांगितलं नाही. मावशी बांगडी 'फुटली' म्हणत नाहीत, 'वाढवली' म्हणतात. इतक्या त्या बांगड्या जपणाऱ्या. गौरीला भरलेल्या हिरव्या बांगड्या दिवाळीपर्यंत मनगटात रुतल्या. साबण लावला, तेल लावलं, हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून पाहिली. शेवटी माझ्याच बेसिनपाशी एकेक कापावी लागली. उजवा हात. लाटण्याचा.

महोदय, देशात बायकांना होणाऱ्या कर्करोगांत स्तनाचा कर्करोग आज पहिल्या क्रमांकावर आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना तो झाला आणि ९८ हजारांच्या वर बायका गेल्या. पहिल्या टप्प्यात सापडला तर बहुतेक जणी बऱ्या होतात, आणि आपल्याकडे मोठ्या संख्येने बायका उशिराच्या टप्प्यावर डॉक्टरांसमोर येतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुरू केलेल्या उपक्रमात यासाठी तीन साधी उद्दिष्टं घालून दिली : निम्म्याहून बऱ्याच जास्त, म्हणजे ६० टक्क्यांहून अधिक रुग्ण पहिल्या दोन टप्प्यांत सापडावेत, दवाखान्याची पायरी चढल्यापासून ६० दिवसांत निदान व्हावं, आणि ८० टक्के रुग्णांचे उपचार पूर्ण व्हावेत. मधला आकडा माझ्या मनात घर करून बसला आहे. साठ दिवस. आपल्या राज्यात ते मोजायची सक्ती कुणावर आहे?

शिबिरं किती झाली, व्हॅन किती गावांत गेली, किती बायकांची 'तपासणी' झाली, हे मोजलं जातं. पण ती तपासणी म्हणजे काय, ते एकदा मावशींच्या वस्तीच्या गल्लीत उभं राहून पाहावं. आशाताई सीबॅकचा, म्हणजे घरोघरी आजारांची प्राथमिक माहिती विचारण्याचा, फॉर्म घेऊन दारात येते. फॉर्मात प्रश्न आहे : स्तनात गाठ आहे का? दारात सासूबाई बसलेल्या, आत मुलगा मित्राबरोबर मोबाइल बघतोय, शेजारीण नळावर. आशाताई बिचारी आवाज खाली आणून विचारते, बाई मान हलवते, फॉर्मावर 'नाही' लिहिलं जातं. मावशींच्या फॉर्मावरही 'नाही' होतं, गाठ तिसऱ्या महिन्याची असताना. आशाताईचा यात काडीचा दोष नाही. घराघरांत जाऊन ती थकते आणि तिला आडोसाच नाही.

सरकारच्या कर्करोग नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमानुसार तिशीपुढच्या प्रत्येक बाईची पाच वर्षांतून एकदा हाताने तपासणी व्हायला हवी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी अशी तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या बायका देशभरात १ टक्काही नव्हत्या.

त्याला फार मोठी यंत्रं लागतात असंही नाही. टाटा मेमोरियल या कर्करोग रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईच्या वस्त्यांत एक अभ्यास सुरू केला. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांहून अधिक बायका, त्यातल्या निम्म्यांची दर दोन वर्षांनी हाताने तपासणी. ती कोणी केली? डॉक्टरांनी नाही, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी. वीस वर्षांचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. आजार आधीच्या टप्प्यावर सापडू लागला, आणि पन्नाशीपुढच्या बायकांत या आजाराने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत तेवढा फरक पडला नाही, हेही त्याच अभ्यासात आहे आणि ते मी लपवत नाही. पण हा पुरावा आपल्याच राज्यातल्या वस्त्यांमधला आहे. आणि साध्या बायकांना शिकवून आरोग्याचं काम उभं राहतं, हे पुण्याला तरी नव्याने सांगायला नको. डॉ. बानू कोयाजींनी रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयातून वढू गावात जाऊन तेच तर केलं. १९९३ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला.

आम्ही सात-आठ जणी, सगळ्या या आजारातून गेलेल्या, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वस्तीत जातो. तिळगूळ झाला की परातीत कणकेचे चार गोळे ठेवतो. दोन गोळ्यांत सुका वाटाणा खोल दडवलेला असतो. वर ओला रुमाल. डोळे मिटून तीन बोटांच्या पेरांनी गोल फिरवत शोधायचं. बायका आधी हसतात, मग गप्प होतात. रोज शंभर पोळ्यांची कणीक तिंबणाऱ्या हातांना वाटाणा लागायला फार वेळ लागत नाही. स्तनाग्र आत ओढलं गेलं, त्यातून रक्त आलं, कातडीला खळी पडली, काखेत गाठ लागली, तर थांबायचं नाही, हेही तिथेच सांगतो. दर वेळी कोणीतरी एक बाई शेवटपर्यंत मागे रेंगाळते आणि सगळ्या गेल्यावर पदर सावरत म्हणते, 'जरा बघता का?' पुढे तिला कुठे पाठवायचं, तिथेच आमचं गाडं अडतं.

म्हणून माझं पहिलं मागणं, आणि बाकी सगळं विसरलात तरी चालेल पण हे विसरू नका : दिवस मोजा. पहिल्यांदा दाखवल्याची तारीख, बायोप्सीच्या रिपोर्टची तारीख, पहिल्या उपचाराची तारीख. सरकारी असो वा सरकारी आरोग्य योजनेतलं खासगी, प्रत्येक रुग्णालयाने या तीन तारखा केसपेपरवर लिहाव्यात आणि दर तीन महिन्यांनी जिल्हावार आकडे जाहीर व्हावेत. साठ दिवसांच्या पुढे गेलेली प्रत्येक बाई का अडकली, याचं उत्तर कुणाला तरी द्यावं लागेल.

दुसरं, शहरातल्या प्रत्येक आरोग्य केंद्रात एक पडदा, एक पलंग, शिकवलेली एक नर्स, आणि वेळ संध्याकाळी सहानंतरची. धुणीभांडी करणाऱ्या, पोळ्या लाटणाऱ्या बाईसाठी सकाळची ओपीडी म्हणजे दिवसाची मजुरी. आणि तिथे गाठ सापडली तर त्याच आठवड्यात सोनोग्राफी आणि बायोप्सी. चिठ्ठ्या हातात देऊन गावभर फिरवणं बंद व्हावं.

तिसरं म्हणजे सोबतीण. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं संरक्षण २०२३ च्या निर्णयाने पाच लाखांपर्यंत गेलं, ते फार मोठं काम झालं; मावशींचे उपचार त्यातच झाले आणि त्याबद्दल मी मनापासून आभार मानते. पण योजना हाताला लागेपर्यंतच्या तपासण्यांत त्यांची भिशी संपली होती, आणि रेशनकार्डावर नाव सासरचं, आधारवर माहेरचं, एवढ्यासाठी आठ दिवस गेले. कोणत्या खिडकीवर कोणता कागद, किमोच्या दिवशी काय खायचं, रक्तातल्या पेशींचे काउंट कमी झाले म्हणजे काय, हात कसा जपायचा, नवऱ्याशी काय बोलायचं, हे सांगणारी बाई हवी. या आजारातून उठलेल्या बायका हे काम करतील. त्यांना शिकवा, ओळखपत्र द्या आणि मानधन द्या; फुकट सेवा मागू नका. हाताच्या सुजेची फिजिओथेरपी आणि स्तन काढलेल्या बाईला त्या जागी लावायला लागणारा पॅड योजनेतून मिळावा, हेही जोडते.

ऑक्टोबर, म्हणजे या आजाराच्या जागृतीचा महिना, आला की गुलाबी फिती लागतील, इमारतींवर गुलाबी दिवे पडतील. माझा त्याला विरोध नाही. त्या दिव्यांमुळे एखादी बाई आरशासमोर उभी राहिली तरी चांगलंच आहे. त्या महिन्यात आपण पुण्यात याल, भाषण कराल, तेव्हा त्या तीन तारखांबद्दल बोला एवढंच सांगणं आहे.

माझ्याकडे एक वही आहे. आम्ही ज्यांच्या सोबत गेलो त्या बायकांच्या तारखा तिच्यात आहेत, नावांशिवाय. मागवलीत तर घेऊन येईन. गेल्या रविवारी तिच्यात एक नवी ओळ लिहिली. गाठ लागल्याची तारीख भरली आहे, पुढचे रकाने रिकामे आहेत. सोमवारी सकाळी त्या बाईबरोबर ओपीडीला जायचं आहे. मावशीही येणार आहेत, त्या दिवशीच्या पोळ्या त्यांनी आदल्या रात्रीच करून ठेवायच्या ठरवल्या आहेत.

आपली,
सहकारनगर, पुणे येथील एक रहिवासी