मेमू लोकलच्या लेडीज डब्यातल्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

वडोदरा–अहमदाबाद मेमूत कुणी मुलाखतीला निघालेली असते, कुणी रात्रपाळी उरकून थेट साखरपुड्याला. अशा अनोळखी बाईचा चेहरा आणंद यायच्या आत नीटनेटका करून देणं आम्हा पार्लरवाल्यांना जमतं, ते तुम्ही शिकवलंत म्हणून. नाव घालायचं नाही ही तुमची अट पाळली आहे. पत्र मात्र उघड लिहितोय, कारण ही पद्धत इतरांच्याही उपयोगी पडेल.

पहिले आभार तुमच्या ठाम नकारांसाठी. चालत्या गाडीत काजळ नाही, लायनर नाही, मस्कारा नाही. यार्डातून निघताना गाडी सांधे बदलते, डबा आडवा हिसका खातो आणि पेन्सिलीचं टोक बुबुळाला लागायला तेवढं पुरतं. शिवाय एकच पेन्सिल चार जणींच्या डोळ्यांत फिरली, तर डोळे आलेच म्हणून समजा. त्याऐवजी भुवया भरायच्या, केसांच्या दिशेने, बारीक रेघांनी. पेन्सिल दर वेळी तासून घ्यायची. भुवई रेखीव झाली की काजळाची उणीव कुणाला जाणवतही नाही.

दुसरे, विचारायच्या रीतीसाठी. ‘बेन, थोडुं सरखुं करी आपुं?’ (ताई, थोडं नीट करून देऊ?) एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं. ‘थकलेल्या दिसता’, ‘डाग फार आहेत’ असलं काही बोलायचं नाही. आरसा तिच्या हातात द्यायचा. त्वचेला कशाची अ‍ॅलर्जी आहे का, हे हात लावण्याआधी विचारायचं. पैसे घ्यायचे नाहीत, दिले तरी. रेल्वे कायदा १९८९, कलम १४४ : परवान्याशिवाय गाडीत धंदा करणं गुन्हा आहे. आणि खरं सांगायचं तर पैसे आले की बाई संकोचते आणि ‘हे पुसून टाका’ म्हणत नाही.

आता बेस, म्हणजे मेकअपचा पहिला थर. आमचे हात सगळ्यात जास्त इथेच चुकायचे. घाम टिपायचा, पुसायचा नाही. ओलसर त्वचेवर पावडर पडली की तिच्या गुठळ्या होतात, आणि मे महिन्यात त्या हमखास होतात. मग मॉइश्चरायझर मटाराच्या दाण्याएवढं. ते मुरायला दोन मिनिटं द्यायची, तेवढ्यात केस विंचरून होतात. कन्सीलरची, म्हणजे डाग झाकणाऱ्या क्रीमची, छटा मनगटावर नाही, जबड्याच्या कडेला पाहायची, तीही खिडकीच्या उजेडात. डब्यातल्या पांढऱ्या दिव्यांखाली शोभलेला रंग फलाटावर उतरताच राखी दिसतो. सावळ्या त्वचेवर डोळ्यांखाली थेट फिकट कन्सीलर लावला तर तसंच होतं : त्यातलं पांढरं रंगद्रव्य खालच्या निळसर काळेपणावर बसून राखाडी पडतं. म्हणून आधी काळेपणा मारणाऱ्या नारिंगी करेक्टरचा पातळ थर, मग त्वचेच्या रंगाचा कन्सीलर, प्रत्येक डोळ्याखाली दोन ठिपके, अनामिकेने थोपटून. चोळलं की सगळं निघून येतं.

आणि ती करंगळी! करंगळी तिच्या हनुवटीला टेकवून ठेवली की डबा हलला तरी हात चेहऱ्याबरोबरच हलतो, रेघ सुटत नाही. तिचं डोकं मात्र डब्याच्या भिंतीला टेकू द्यायचं नाही, हादरे थेट चेहऱ्यात उतरतात.

लिपस्टिक कांडीवरून थेट ओठांवर कधीच नाही. आइस्क्रीमच्या नव्या लाकडी काडीने थोडी खरवडून स्टीलच्या झाकणावर घ्यायची, तिथून कापसाच्या काडीने ओठांवर आणि उरलेली गालांवर. एकीची काडी दुसरीला नाही. कॉम्पॅक्टवर (दाबून बसवलेल्या पावडरवर) ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा फवारा मारून ते पूर्ण वाळू द्यायचं. सुटी पावडर घरीच ठेवायची, पंख्याखाली ती शेजारणीच्या डब्यातल्या ठेपल्यांवर जाऊन बसते. नेलपॉलिश आणि रिमूव्हरही नाही : वास कोंडतो, आणि ती ज्वालाग्राही वस्तू आहे.

केसांना सखल अंबाडा, पाच यू पिना, बस्स.

टिकलीबद्दल तुम्ही सांगितलेलं आम्ही गिऱ्हाइकांनाही सांगतो. कपाळावर त्या जागी खाज किंवा पांढुरका डाग असेल तर टिकली चिकटवायची नाही. काही टिकल्यांच्या गोंदातल्या रसायनाने त्वचेचा रंग कायमचा जाऊ शकतो. अशा बाईला मेकअप नव्हे, त्वचेचा डॉक्टर सुचवायचा.

वासदच्या अलीकडे महीचा पूल लागला की हात थांबवायचा, हा तुमचा नियम नव्या मुलींना पटत नाही. पुलावर गाडी सरळच तर चालते, म्हणतात. आम्ही सांगतो, तेव्हा सगळ्याजणी नदी पाहायला माना वळवतात, तुमचं गिऱ्हाईकसुद्धा.

नवरात्राच्या गर्दीसाठी पिशवीत काय वाढवावं, ते जमेल तेव्हा कळवा. घामात टिकणारा बेस आम्हाला अजून मनासारखा मिळालेला नाही.

आपल्या,
वडोदऱ्याच्या दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातल्या पार्लरवाल्या