प्रेमाची आज्ञा भावकीसाठी होती

संपादक साहेब, सलाम (आमच्या ख्रिस्ती लोकांत नमस्काराऐवजी सलामच म्हणतात, म्हणून).

नाताळच्या पुरवणीत तुमच्या पेपरात एक लेख आला होता, येशूने जगाला प्रेमाचा संदेश दिला, सगळ्यांवर प्रेम करा वगैरे. लेख वाईट नव्हता, लिहिणाऱ्याचा हेतू पण चांगलाच होता, पण दरवर्षी तेच ते वाचून असं वाटायलंय की येशू म्हणजे कुणीतरी गोड बोलणारा साधूपुरुष होता आणि प्रेम म्हणजे सगळ्यांकडं बघून हसायचं. सगळ्यांवर प्रेम करायला काय लागतंय हो, सगळे म्हणजे कुणीच नाही. खरी अडचण येते ती चर्चमध्ये शेजारच्या बाकड्यावर बसणाऱ्या माणसाशी.

'एकमेकांवर प्रीती करा' ही येशूची आज्ञा कुठं आणि कुणाला दिली ते तरी बघा. बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा 13 वा अध्याय काढा. यहुदी लोकांचा वल्हांडण सण तोंडावर आलेला, रात्रीचं जेवण चाललंय, येशू मधूनच उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुवायला बसतो. धुळीच्या वाटा तुडवून आलेले पाय, ते धुणं म्हणजे त्या काळी घरातल्या गुलामाचं काम, म्हणून तर पेत्र नावाचा शिष्य अडून बसला की माझे पाय कधीच धुवायचे नाहीत. आणि त्या बारा शिष्यांत येशूला पकडून देणारा यहूदा इस्कार्योत पण होता, त्याचे पण पाय धुतले, हे आपण वाचताना पटकन पुढं सरकतो. नंतर त्यालाच घास बुडवून हातात दिला, तो घेऊन उठला आणि बाहेर अंधारात निघून गेला. तो गेल्यावर मग उरलेल्यांना सांगितलं की जशी मी तुमच्यावर प्रीती केली तशी तुम्ही एकमेकांवर करा, यावरून लोक ओळखतील की तुम्ही माझे शिष्य आहात. आणि लगेच पुढं पेत्राला सांगितलं की कोंबडा आरवायच्या आत तू मला तीनदा नाकारशील. लूक तर आपल्या शुभवर्तमानात लिहितो की त्याच जेवणात यांचा वाद चालला होता, आपल्यात मोठा कोण म्हणून! एक जण पकडून द्यायला गेलेला, एक ओळख नाकारणार, बाकीचे मोठेपणावरून भांडायलेत. ही तर आपली भावकीच झाली की राव.

भावकी काय असते ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगायची गरज नाही. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, लातूर उस्मानाबादकडची गावंच्या गावं पडली, हजारो माणसं गेली, तेव्हा कुठून कुठून लोक भाकरी, कपडे, औषधं घेऊन आले, कुणी कुणाची जात विचारत बसलं नाही. आपली माणसं अशा वेळी धावतात, यात शंका नाही. पण हाच धावणारा माणूस बांधाच्या दोन फुटासाठी सख्ख्या भावावर केस टाकतो आणि बापाच्या तेराव्याला पण त्याच्याशी बोलत नाही. लांबच्याची दया येणं सोपं आहे, तो उद्या परत भेटत नाही. भाऊ रोज भेटतो, त्याचं ट्रॅक्टर रोज आपल्या दारावरून जातं.

येशूने सांगितलेली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट तुमच्या लेखात होतीच, फक्त तिथं तो 'परका माणूस' म्हणून आलाय. तो परका कसला, यहुदी आणि शोमरोनी दोघंही मोशेचं नियमशास्त्र मानणारे, देव एकच, भांडण होतं ते देवाची भक्ती यरुशलेमात करायची का गरिज्जीम डोंगरावर. गरिज्जीमवरचं मंदिर तर यहुदी राज्यकर्त्याने येशूच्या शंभरेक वर्षं आधी पाडलेलं. म्हणजे जुनं, मुरलेलं, घरातलं वैर. त्यात यरीहोच्या वाटेवर एक जण मार खाऊन पडलाय, याजक बघून गेला, लेवी (मंदिराचा सेवक) बघून गेला, आणि थांबला तो हा शोमरोनी. त्याला कळवळा आला असं लूक लिहितो, पण नुसता कळवळा नाही, जखमा बांधल्या, गाढवावर बसवलं, उतारशाळेत नेलं, दोन दिवसांची मजुरी होईल एवढे पैसे मालकाच्या हातावर ठेवले आणि वरून सांगितलं की जास्तीचा खर्च झाला तर परत येताना देतो. उधारी स्वतःच्या नावावर! प्रेमाचा हिशोब असा खिशातून होतो.

आणि हे काय फक्त आम्हालाच सांगितलंय असं नाही. पैठणच्या एकनाथांनी गोदावरीच्या वाळवंटात तापल्या वाळूवर रडणारं महाराचं लेकरू उचलून कडेवर घेतलं ही गोष्ट आपल्याकडं लहानपणापासून ऐकतो, त्यांना त्रास दिला तो पण पैठणच्याच, आपल्याच लोकांनी.

आता आमचं सांगतो, म्हणजे तुम्हाला वाटायला नको की दुसऱ्यांनाच नावं ठेवायलोय. जालन्याचा इतिहास मोठा आहे. नारायण शेषाद्री ब्राह्मण घरातले, 1843 ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला, पुढं निजामाच्या राज्यात येऊन जालन्याजवळ निजामाचा दिवाण सालारजंगने दिलेल्या जमिनीवर बेथेल नावाचं गाव वसवलं, तिथं राहायला आली ती बहुतेक मांग आणि महार समाजातली कुटुंबं. त्या काळात हे काय साधं होतं का. आणि आज आमच्यात सोयरीक जमवताना दोन्हीकडचे पाळक (चर्चचे धर्मगुरू) हजर असताना हळूच विचारतात, "पण मूळचे कोण?" येशूचा प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला (म्हणजे तिथल्या चर्चच्या लोकांना) पत्रात झापलं होतं की भाऊ भावावर कोर्टात जातो, त्यापेक्षा नुकसान का सोसून घेत नाही, तो अध्याय आमच्याकडं उपासनेत कुणी वाचायला घेत नाही, कारण समोर बसलेले निम्मे वादी आणि निम्मे प्रतिवादी. उत्तर आफ्रिकेतला ख्रिस्ती लेखक तर्तुलियन इ.स. 200 च्या आसपास लिहून गेलाय की बाहेरचे लोक ख्रिस्ती लोकांकडं बघून म्हणतात, बघा यांचं एकमेकांवर किती प्रेम आहे. आमच्या गावातले म्हणतात, यांचं बी आपल्यासारखंच हाय.

एका तालुक्याच्या गावातली मंडळी मला चांगली माहीत आहे, नाव सांगत नाही. जागेवरून दोन गट पडलेत, नाताळ दोन, गव्हाणी दोन, स्पीकर दोन, आणि दोघंही गरिबांना ब्लँकेट वाटतात. ब्लँकेट वाटा, थंडी खरंच असते. पण तुमचा वार्ताहर जाऊन एकाच गटाचा फोटो घेऊन येतो, तो छापून आला की दुसऱ्या गटाचे तुमच्या ऑफिसला फोन सुरू होतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. तर विनंती एवढीच की पुढच्या नाताळला दोघांपैकी कुणाचाच फोटो छापू नका. दोन्ही गटाच्या अध्यक्षांना कळवा की एकत्र उभे राहिलात तरच छापू, आणि वार्ताहराला सांगा, तिथं जरा जास्त वेळ थांबावं लागेल.

आपला एक वाचक,
परतूर, जि. जालना