दोन टक्क्यांच्या यादीत न बसलेलं टिपण

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात आमच्या जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाची बातमी चौकटीत आली होती. तिथले एक प्राध्यापक ‘जगातल्या अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञां’त गणले गेले. त्याच संध्याकाळी एस.टी. स्टँडसमोर फ्लेक्स लागला. मधे प्राध्यापक, भोवती संस्थेचे आठ पदाधिकारी, आणि पदाधिकाऱ्यांचे फोटो प्राध्यापकांपेक्षा मोठे. माणूस खरोखर कष्टाळू आहे, मी ओळखतो. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार बातमीबद्दल आहे. तिच्यात फ्लेक्सवर होतं तेवढंच होतं.

मी ३१ वर्षं भूशास्त्र शिकवून २०१८ साली निवृत्त झालो. मोजमापाचा हा सगळा खेळ आतून पाहिला आहे, थोडा खेळलोही आहे. म्हणून लिहितो.

आधी त्या यादीबद्दल. तिला ‘स्टॅनफर्डची यादी’ म्हणतात, पण अमेरिकेतलं स्टॅनफर्ड विद्यापीठ कुणाला बोलावून हा मान देत नाही. तिथले जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी स्कोपस नावाच्या संशोधन-लेखांच्या साठ्यातले आकडे घेऊन दरवर्षी एक मोठा तक्ता प्रसिद्ध करतात. विषयांचे २२ मुख्य गट, त्यांचे १७४ उपगट, आणि प्रत्येकाची तुलना मुख्यतः त्याच्या उपगटातल्या लोकांशी. तक्ते दोन असतात: एक संपूर्ण कारकिर्दीचा, दुसरा फक्त एका वर्षाचा. शिवाय स्वतःच स्वतःच्या पेपरचे दिलेले संदर्भ धरून एक क्रमांक आणि ते वगळून दुसरा. आपल्या बातमीदाराने एवढंच विचारायला हवं होतं: कोणता तक्ता, कोणता उपगट, स्वतःचे संदर्भ वगळल्यावर काय उरतं? तीन प्रश्न. आंब्याची पेटी घेताना आपण याहून जास्त विचारतो.

आता एच-इंडेक्स. हा शब्द हल्ली लग्नाच्या बायोडेटातही दिसतो, म्हणून सांगून टाकतो. २००५ साली कॅलिफोर्नियातल्या हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने संशोधकाचं काम एका आकड्यात मोजायची ही युक्ती काढली. आपले पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावायचे. सायटेशन म्हणजे दुसऱ्या कुणीतरी त्याच्या लेखात आपल्या पेपरचा दिलेला संदर्भ. मग वरून मोजत खाली यायचं आणि पेपरचा क्रमांक त्याच्या सायटेशनपेक्षा मोठा होईल तिथे थांबायचं. माझं उदाहरण: २३, ९, ६, ४, ३, १, आणि पुढे शून्यं. चौथ्या पेपरला चार सायटेशन, पाचव्याला तीन. म्हणून माझा एच-इंडेक्स ४. एकतीस वर्षांचे चार! सौ.ला सांगितलं तर ती म्हणाली, “चार पोरं असती तर एव्हाना नातवंडं तरी झाली असती.”

त्यातल्या तेवीसवाल्या पेपरची गंमत सांगण्यासारखी आहे. जांभ्याच्या जाडीबद्दल मी त्यात एक आकडा चुकीचा दिला होता. पुढच्या लोकांनी संदर्भ दिले ते बहुतांशी “हे बरोबर नाही” असं म्हणायला. यंत्र ते वाचत नाही, ते फक्त मोजतं. माझी चूक हेच माझं सर्वांत यशस्वी संशोधन ठरलं.

आमच्या विषयाला हे माप आणखी वाकडं बसतं. नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर काढताना त्या वर्षी आलेले मागच्या दोन वर्षांतल्या लेखांचे संदर्भ घेतात आणि त्याला लेखांच्या संख्येने भागतात. युजीन गारफिल्ड यांनी हे काढलं ते नियतकालिकांच्या निवडीसाठी. माणसं निवडायला ते वापरू नका असं नंतर त्यांनीच बजावलं. वैद्यकात दोन वर्षांत लेख जुना होत असेल. आमच्याकडे दगडालाच घाई नाही. १८०७ साली फ्रान्सिस बुकानन यांनी केरळातल्या अंगाडिपुरम इथल्या जांभ्याला ‘लॅटेराइट’ हे नाव दिलं. आजही जांभ्यावर लिहिणारा त्यांच्यापासून सुरुवात करतो. सह्याद्रीत जवळजवळ आडवे असलेले बेसॉल्टचे, म्हणजे लाव्ह्याच्या काळ्या दगडाचे, थर पनवेलकडे उतरताना पश्चिमेला कलतात, त्याला पनवेल फ्लेक्शर म्हणतात. भूगर्भ सर्वेक्षणातल्या जे. बी. ऑडेन यांनी १९४९ मध्ये त्यावर लिहिलं. (इंग्रज कवी ऑडेन यांचे हे थोरले भाऊ. भावाचं नाव जग घेतं, यांचं आम्ही घेतो.) कोकण किनाऱ्याच्या जडणघडणीवर पेपर लिहायचा तर अजून ऑडेनना ओलांडून जाता येत नाही. दोन वर्षांच्या खिडकीतून हे कुणाला दिसणार?

आणि एकाच दगडाचे दोन भाव असतात. दख्खनचा बेसॉल्ट साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. त्याच सुमाराला डायनोसॉर संपले, म्हणून “या लाव्ह्यामुळे संपले की उल्केमुळे” या प्रश्नावर जगभर झुंबड आहे आणि संदर्भांचा पाऊस आहे. ते काम मोलाचं आहे, मी आवडीने वाचतो. पण त्याच बेसॉल्टमधली आमच्या गावची विहीर एप्रिलात का आटते, या प्रश्नाला जगात वाचक किती? ग्रामपंचायतीपुरते. ते सायटेशन देत नाहीत, टँकर मागतात.

परदेशी मंडळी नमुने घ्यायला घाटात येतात तेव्हा कोणत्या वळणावर थर नीट उघडा पडला आहे हे इथलाच कुणीतरी मास्तर दाखवतो. पेपरच्या शेवटी आभारात त्याचं नाव येतं. माझंही दोनदा आलं आहे, एकदा स्पेलिंग चुकवून. आभारांचा इंडेक्स अजून कुणी काढलेला नाही.

आता माझ्यावर आलेली गोष्ट. २००५ च्या जुलैत महाड तालुक्यात दरडी कोसळून जुई, दासगाव, कोंडिवते, रोहन या गावांत जे घडलं ते आपल्या वाचकांना आठवत असेल. त्यानंतरच्या दिवाळीत मी आणि माझे सहा विद्यार्थी संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीच्या वरच्या अंगाला गेलो. सड्याच्या, म्हणजे माथ्यावरच्या सपाट कातळाच्या, कडेला, गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) आत, जमिनीला हातभर रुंद भेग होती. मुलांनी बांबू घातला, तो चार फूट आत गेला. आमच्याकडे वर जांभा असतो, भोकाभोकांचा. पाणी त्यातून सरळ खाली उतरतं आणि खालच्या पांढरट चिकणमातीवर अडतं. माती फुगते, मऊ होते आणि वरचा भार घेऊन घसरू लागते. भेगेतून पाणी शिरलं की काम आणखी सोपं. आम्ही टेपने मापं घेतली, पऱ्याची (ओहोळाची) जुनी वाट कुठे बुजवली आहे ते पाहिलं, पाच घरं धोक्यात धरली आणि चार पानांचं टिपण मराठीत लिहिलं. सोबत हाताने काढलेला नकाशा. एक प्रत ग्रामपंचायतीला, एक तहसील कचेरीला, एक वाडीतल्या एका म्हाताऱ्या गावकऱ्यांना. ते म्हणाले, “सर, पावसात नक्की काय बघायचं तेवढं मोठ्या अक्षरात लिहा.” म्हणून शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं: भेग रुंदावली, झाडं कलली, विहिरीचं पाणी अचानक गढूळ झालं, तर रात्र घरात काढू नका.

पुढे पदोन्नतीची वेळ आली. २०१० च्या यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमांनी एपीआय नावाची गुणांची पद्धत आणली होती. मी ते टिपण फाइलला लावलं. समितीतल्या एका सद्गृहस्थांनी ते उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, “याला आयएसएसएन आहे का?” म्हणजे नियतकालिकाला मिळणारा क्रमांक. नव्हता. गुण शून्य.

मग मी जे केलं ते लिहिताना आजही लाज वाटते. वर्गात वापरलेल्या एका जुन्या व्याख्यानाचा इंग्रजीत पेपर केला आणि अठराशे रुपये भरून एका ‘आंतरराष्ट्रीय’ मासिकाला पाठवला. आठव्या दिवशी स्वीकृती आली. तज्ज्ञ परीक्षकांचा अभिप्राय एका ओळीचा होता, आणि त्या ओळीत माझा विषय भूगोल असल्याचं म्हटलं होतं. गुण मिळाले, पगार वाढला. २०१८ च्या मे महिन्यात यूजीसीने आपल्या यादीतून ४३०५ नियतकालिकं काढून टाकली, तेव्हा मी रात्री दार लावून ते नाव शोधलं. होतं. त्या पेपरला आजवर एकही सायटेशन नाही, हा मात्र मापाच्या बाजूने पुरावा म्हणायला हवा.

कारण माप नकोच असं माझं म्हणणं नाही. मापं नव्हती तेव्हा काय होतं तेही मी पाहिलं आहे: साहेबांच्या मर्जीतला, संस्थाचालकांच्या नात्यातला, नाहीतर नुसता आधी चिकटलेला. माझी एक विद्यार्थिनी लांज्याच्या पुढच्या एका खेड्यातली. तिच्यामागे कुणी नव्हतं. किनाऱ्यावरच्या वाळूतल्या खनिजांवरचे तिचे पेपर बाहेरच्या लोकांनी वापरले, आकडा दिसला, आणि आज ती एका चांगल्या प्रयोगशाळेत आहे. मर्जीवर सोडलं असतं तर मुलाखतीच्या दारातूनच परत आली असती. खुद्द हिर्श यांनीही पहिल्याच लेखात म्हटलं होतं की एका आकड्यातून माणसाच्या कामाचा ढोबळ अंदाजच येतो. ढोबळ अंदाजाचा आपण सातबारा केला.

२०१५ साली ‘नेचर’मध्ये लायडन जाहीरनामा म्हणून दहा तत्त्वं छापून आली. त्यातलं एक असं, की स्थानिक प्रश्नांवरच्या चांगल्या संशोधनाला मोजणीत संरक्षण द्या. इंग्रजीत आणि गाजलेल्या नियतकालिकांत छापलेलंच मोजलं तर ते मरतं. हे लिहिणारे मोजणीशास्त्रातलेच लोक होते. म्हणजे दुकानदारच सांगतो आहे की काटा इथे चुकतो.

काटा इथे चुकतो, आणि इथे डोंगर कोसळतो. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातलं तळिये दरडीखाली गेलं. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातलीच इर्शाळवाडी तशीच गेली, आणि ती दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती असं सरकारनेच सांगितलं. भारतीय भूगर्भ सर्वेक्षणाने दरडींच्या शक्यतेचे नकाशे ५० हजारांत एक या प्रमाणावर केले आहेत. मोठं काम आहे. पण त्या प्रमाणात एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. शंभर मीटरांत वसलेली आमची एखादी वाडी त्यावर दोन मिलिमीटर होते. भेग तर दिसायचीच नाही. ती बघायला कुणीतरी चिखलात वर चढायला हवं, दरवर्षी, पावसाच्या आधी आणि नंतर. ज्याला पुढच्या मुलाखतीत “तुमचा एच-इंडेक्स किती?” असं विचारणार आहेत, तो तरुण का चढेल? तो उपग्रहाच्या प्रतिमा घेईल, संगणकावर आणखी एक मॉडेल चालवेल, चार वर्गमित्रांची नावं लावेल. मी त्याच्या जागी असतो तर तेच केलं असतं. अठराशे रुपये मी भरलेच होते की.

म्हणून विद्यापीठाला माझं मागणं फार मोठं नाही. भूशास्त्राच्या शिक्षकाने ग्रामपंचायतीला किंवा तहसीलदाराला दिलेला पाहणी अहवाल पदोन्नतीच्या फाइलमध्ये धरावा. दुसऱ्या जिल्ह्यातल्या दोन भूशास्त्रज्ञांनी जागेवर जाऊन तो तपासावा, म्हणजे भोंगळ अहवालांचा पूर येणार नाही. आणि पाच वर्षांनी कुणीतरी विचारावं, की त्यातलं काय खरं ठरलं? आमच्या शास्त्रात हे विचारता येतं. डोंगर उत्तर देतो.

आपल्याकडे मागणं त्याहून लहान आहे. पुढची दोन टक्क्यांची यादी आली की ते तीन प्रश्न विचारून छापा.

त्या वाडीचं सांगायचं राहिलं. २०२१ च्या त्याच जुलैत विहीर गढूळ झाली. पाच घरांतली माणसं चार रात्री शाळेत झोपली. दरड आली ती लहान होती, एक गोठा आणि अर्धा गडगा घेऊन गेली. गुरं आधीच सोडलेली होती. आमच्या टिपणाने हे झालं असं मी म्हणणार नाही. ते म्हातारे गावकरी २०१४ मध्येच गेले, आणि विहिरीवर नजर ठेवायची सवय त्यांच्या सुनेला टिपणामुळे लागली की सासऱ्यांमुळे, हे तिलाही सांगता येत नाही. कागद मात्र तिने पत्र्याच्या पेटीत जपला होता. माझ्याकडची प्रत वाळवीने खाल्ली, म्हणून गेल्या महिन्यात तिच्याकडूनच झेरॉक्स काढून आणली.

ती या पत्रासोबत जोडत आहे. नकाशात पऱ्या विहिरीच्या उजवीकडे दाखवला आहे तो डावीकडे हवा. निळ्या पेनाने दुरुस्त केलं आहे. जागा असेल तर निदान शेवटचं पान, मोठ्या अक्षरांचं, मे संपायच्या आत छापावं.

आपला,
एक निवृत्त भूशास्त्र शिक्षक
ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी