कानाला बिल्ला, बिल्ल्याखाली अळ्या : पशुसंवर्धनमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. पशुसंवर्धनमंत्री, महाराष्ट्र राज्य

विषय : जनावरांच्या जखमांत पडणाऱ्या अळ्या आणि रिकामी औषधपेटी

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मृग निघण्याआधी जखमांची औषधं गावोगाव पोचतील, असं आमच्या भागातल्या शिबिरात व्यासपीठावरून सांगण्यात आलं होतं. टाळ्याही पडल्या. मृग गेला, आर्द्रा गेल्या. आले ते फक्त जनावरांच्या कानात टोचायचे पिवळे ओळख-बिल्ले.

बिल्ल्यांना विरोध नाही. १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री नाही, हा नियम मान्य. पण बिल्ला म्हणजे कानाला पाडलेलं भोक, आणि ते भरून यायला दोन-तीन आठवडे लागतात. पावसाळ्यात टोचायचंच असेल, तर प्रत्येक जनावरागणिक पिन जंतुनाशकात बुडवावी, कानाच्या मधोमध शिरा चुकवून जागा धरावी, भोकाला दोन्ही बाजूंनी आयोडीन लावावं आणि वर माशी बसू न देणारं मलम फासावं. प्रत्यक्षात एकच पिन वाडीभर फिरते आणि आयोडीन 'मागणी केली आहे' या रकान्यात असतं. चार दिवसांनी जनावर कान झाडू लागतं, कानाला वास येतो. बारा आकडी नंबर मात्र स्वच्छ वाचता येतो.

जखमेत पडणाऱ्या या अळ्या उकिरड्यावरच्या नव्हेत, हे कृपया लक्षात घ्या. उकिरड्यावरची माशी कुजलेल्या मांसावर जगते. क्रायसोमिया बेझियाना ही निळसर-हिरवी माशी जिवंत जनावराच्या ताज्या जखमेच्या काठावर एका वेळी दीडशे-दोनशे अंडी घालते. गोचीड चावल्याची खूणसुद्धा तिला पुरते. नवजात वासराची ओली नाळ, लाळ-खुरकुतानं फाटलेली खुरांची बेचकी, जुवानं सोललेला खांदा, लम्पीच्या फुटलेल्या गाठी, सगळं चालतं. अंडी दिवसाच्या आत फुटतात. अळ्या तोंड खाली करून मांसात शिरतात आणि शेपटाकडून श्वास घेतात. पाच-सात दिवस खाऊन झालं की खाली गळून मातीत कोष करतात. वरून भोक बोराएवढं दिसतं, आत मूठ जाईल एवढी पोकळी असते. त्या वासावर आणखी माश्या येतात.

म्हणून पहिले चोवीस तास महत्त्वाचे. उपचार अवघड नाही, तो करणारा हात आणि सामान हवं. जनावर नीट जखडावं, जखमेभोवतीचे केस चार-पाच बोटं कापावेत. गॉजची पट्टी टर्पेंटाईन तेलात भिजवून पोकळीत भरावी आणि दहा-पंधरा मिनिटं थांबावं. श्वास कोंडला की अळ्या वर येतात. मग लांब चिमट्यानं एकेक काढाव्यात. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात नऊ ग्रॅम मीठ घालून त्या पाण्यानं सिरिंजचा जोर देऊन कोपरे धुवावेत, मग पोव्हिडोन आयोडीन लावावं. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडून बघायचं, कारण एका बैठकीत सगळ्या निघत नाहीत. सोबत एक टक्क्याचं आयव्हरमेक्टिन कातडीखाली, ५० किलो वजनाला १ मिली. दुभत्या जनावराला ते देऊ नये, औषध दुधात उतरतं.

काढलेल्या अळ्या उकळत्या पाण्यात टाकून माराव्यात. गोठ्याबाहेर झटकल्या, तर आठ-दहा दिवसांत त्याच माश्या होऊन परत येतात. हे कोणत्या शिबिरात सांगितलं जातं?

औषध नसेल तर माणूस काय करतो? फिनेल ओततो, रॉकेल ओततो. वरच्या अळ्या मरतात, आतल्या तिथंच सडतात आणि चांगलं मांसही जळतं. कुणी सीताफळाचा पाला ठेचून बांधतो. जुना उपाय आहे, अगदीच टाकाऊ नाही. पण सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते, हे बांधणाऱ्याला कुणी सांगत नाही. दोष त्याचा आहे असं आपलं खातं म्हणणार. 'जनजागृतीचा अभाव' हा शब्द तयारच असतो.

आणि ही माशी फक्त आपल्या खात्याची नाही. पीनस (नाकात खपल्या धरून घाण वास येणारा जुनाट आजार) झालेल्या माणसाच्या नाकात, मधुमेह्याच्या बधिर पायात, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याच्या पाठीच्या जखमेत त्याच अळ्या पडतात. नाकातून रक्त, घाण वास, आत काही वळवळतंय असं वाटणं, एवढं झालं की त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्यावं, कारण अळ्या डोळ्याच्या खोबणीपर्यंत, क्वचित मेंदूपर्यंत पोचतात. घरी नाकात टर्पेंटाईन घालू नये, जनावराचं इंजेक्शन माणसाला देऊ नये. पण लोक लपवतात; घरात पापाचं फळ म्हणतात. दोन खाती एका माशीसाठी एका टेबलावर बसलेली आम्ही कधी पाहिली नाहीत.

परदेशाचं कौतुक सांगायची हौस नाही, तरी ऐका. या माशीची अमेरिकेतली चुलत बहीण संपवण्यासाठी तिथं किरणोत्सारानं वांझ केलेले नर विमानातून सोडले. १९६६ मध्ये तो देश तिच्यापासून मुक्त झाल्याचं जाहीर झालं. ती मेक्सिकोत परत आली, तेव्हा २०२५ मध्ये अमेरिकेनं मेक्सिकोची जिवंत जनावरं सीमेवर अडवली. आपली माशीही जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या यादीत आहे. आपल्याकडे ती 'जखम' या शब्दाखाली नोंदली जाते, म्हणजे नोंदलीच जात नाही. नोंद नाही म्हणून मागणी नाही, मागणी नाही म्हणून साठा नाही. मेलेल्या जनावराचा पंचनामा होतो, सडणाऱ्याचा होत नाही.

दर पाच हजार जनावरांमागे एक पशुवैद्यक, हा निकष फार जुना आहे. २०१९ च्या पशुगणनेत राज्यात गाई-बैल सुमारे १ कोटी ४० लाख, म्हशी ५६ लाख. भागाकार आपण करावा. शेळ्या-मेंढ्या सोडून देऊ, त्यांना कोण विचारतं! किती पदं भरलेली आहेत, हेही मग आपणच जाहीर करावं. बिल्ल्यांचा आकडा रोज जाहीर होतो, तसा.

बिल्ले टोचायचं काम जून ते सप्टेंबर थांबवा. ते जमत नसेल, तर टोचणाऱ्याच्या पेटीत आयोडीन, मलम, लांब चिमटा आणि टर्पेंटाईन द्या. दवाखान्याच्या नोंदवहीत 'अळ्या पडलेल्या जखमा' असा वेगळा रकाना आखा. रकाना आखायला निविदा लागत नाही.

उत्तर पाठवलंत तर 'योग्य ती कार्यवाही करण्यात येईल' हे वाक्य वगळा. पेटीत आयोडीनची बाटली आहे की नाही, एवढंच कळवा.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक