ट्रेलर मागणाऱ्याला नाही म्हणताना

सोलापूर,
कोजागरीचा दुसरा दिवस

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर मी गप्प झाले, ते रागानं नव्हे. मित्राच्या काकांना दिवाळीत अकलूजच्या घोडेबाजाराला घोडी न्यायची आहे आणि तू त्यांना "आईचा ट्रेलर मिळेल" असं सांगून बसलास, एवढंच तू बोललास. तुझ्या आवाजात कुणाच्या तरी उपयोगी पडल्याचा आनंद होता. तो मला फोनवर एका फटक्यात मोडवेना, म्हणून लिहायला बसले.

ट्रेलर मी देणार नाही. त्यांची घोडी मात्र अकलूजला जाईल, मी स्वतः नेईन. हे त्यांना तूच सांगायचंस, आणि आजच सांगायचंस. दिवाळीला अजून पंधरा दिवस आहेत. आज नाही म्हटलं तर त्यांना दुसरी सोय बघायला वेळ मिळतो. धनत्रयोदशीला सांगितलंस तर तो माणूस घोडीचा दोर हातात धरून दारात उभा राहील.

तुला आपली घोडी काजळ आठवते का? तू पाचवीत होतास. त्या वर्षी उन्हाळ्यात एका ओळखीच्या घरातून ट्रेलरची मागणी आली. माणसं चांगली होती, आपल्या अडीअडचणीला धावून आलेली होती. त्यांचं नाव मी आजवर कुणाला सांगितलं नाही, इथंही लिहीत नाही. तीन दिवसांनी ट्रेलर परत आला, तो धुऊन पुसून, चकचकीत. मला इतकं बरं वाटलं की रबरी मॅट उचलून खालची फळी बघायचं मला सुचलंच नाही. त्यांनी घोडा नेलाच, पण परतीच्या वाटेवर रिकामा कशाला आणायचा म्हणून त्यात सिमेंटची पोती भरली होती. हे मला फार नंतर कळलं. घोड्याच्या मुतानं लाकडी फळी वर्षानुवर्षं भिजत असते, वरून मॅट असल्यामुळं सुकत नाही. आधीच मऊ पडलेली फळी त्या पोत्यांनी मधोमध तडकली.

पंधरा दिवसांनी आपण काजळला घेऊन निघालो. मोहोळ मागे पडलं, शेटफळच्या अलीकडं मला मागून एक आवाज आला. टापांचा नव्हता, लाकूड मोडल्याचा होता. गाडी कडेला घेऊन मागचं दार उघडलं तर तिचा मागचा डावा पाय फळीतून खाली गेलेला. रस्त्यापासून वीतभर वर लोंबत होता तो. वेग थोडा जास्त असता तर काय झालं असतं, ते मी आजही पुढं विचारात नेत नाही. तू पुढच्या सीटवर झोपला होतास. एका ट्रकवाल्यानं आणि शेजारच्या रानातल्या दोघांनी मिळून तिला धरलं, मी फळी करवतीनं कापून पाय सोडवला. खुराच्या वरची कातडी हाडापर्यंत सोलली होती. चार महिने ती ठाणावरून हलली नाही. पाय बरा झाला, पण त्यानंतर तिच्यावर कुणाला बसवायला माझं मन कधीच झालं नाही.

त्या माणसांना मी दोष दिला नाही. त्यांना ठाऊकच नव्हतं की घोड्याच्या ट्रेलरची फळी ही काय चीज असते. ज्याला ठाऊक नाही त्याच्या हाती तो मी दिला, आणि परत आल्यावर तपासलाही नाही. म्हणून हा नियम मी लोकांसाठी केलेला नाही, माझ्यासाठी केला आहे. तो सगळ्यांना सारखा लागू आहे. तुझ्या मामानं मागितला तेव्हा त्यालाही मी नाहीच म्हणाले, हे तुला माहीत आहे.

आता नाही कसं म्हणायचं ते सांगते. यात मी खूप चुका केल्या आहेत आणि त्या तू परत करू नयेस असं मला वाटतं.

सुरुवातीला मला नाही म्हणायला जीभच उचलत नव्हती. आपल्याकडं म्हणतात ना, भीड भिकेची बहीण. मग मी बहाणे सांगायचे. एकदा मी म्हटलं, टायर खराब आहेत. संध्याकाळी तो गृहस्थ नवे दोन टायर आणि पंक्चरवाल्याला घेऊन दारात हजर! त्याच्या चेहऱ्यावर मला मदत केल्याचं समाधान होतं. मला त्या दिवशी फार लाज वाटली. बहाणा सांगितला की समोरचा तो बहाणा दूर करायला बसतो, आणि का बसू नये? आपणच त्याला वाट दाखवलेली असते. हूक वाकलाय म्हटलं तर तो वेल्डर आणणार, मला त्या दिवशी गाडी हवी आहे म्हटलं तर तो दिवस बदलणार. खरं कारण एकच सांगायचं आणि ते असं सांगायचं की त्यावर दुरुस्ती सुचवताच येऊ नये.

मी आता एवढंच बोलते: "दादा, ट्रेलर मी कुणालाच चालवायला देत नाही, घरातल्यांनासुद्धा नाही. घोडा कुठं न्यायचाय ते सांगा, तारीख जुळली तर मी घेऊन येते." यात "बघते", "विचारून सांगते", "जमलं तर" असले शब्द कुठंही घालू नकोस. त्या शब्दांवर माणूस आठ दिवस आशा लावून बसतो. आणि नियम सांगताना आवाज खाली येऊ देऊ नकोस, वरही चढवू नकोस. चहा विचार. त्यांच्या घोडीचं विचार. माणूस नाराज होतो तो नकारानं कमी, आपण त्याच्याकडं न बघता नकार दिला की जास्त.

काही जण पैसे पुढं करतात. "ताई, भाड्यानं द्या." तिथं तर अजिबात गोंधळायचं नाही. आपली बोलेरो आणि ट्रेलर दोन्हींची नोंदणी आणि विमा खासगी वापराचा आहे. भाडं घेतलं आणि वाटेत काही झालं तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी. शिवाय 1988च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 5 मालकालाच बांधतं: योग्य परवाना नसलेल्या माणसाला आपलं वाहन चालवू द्यायचं नाही. समोरचा परवाना आहे म्हणतो, चालवायला बसतो त्याचा भाचा. मी कुणाकुणाचे परवाने तपासू? म्हणून मी नेते तेव्हाही डिझेल त्यांचं, बाकी एक रुपया घेत नाही.

वारीच्या दिवसांत नाही म्हणणं मला सगळ्यात जड गेलं. एका दिंडीतल्या माउलींनी सदाशिवनगरच्या रिंगणापर्यंत घोडा पोहोचवायला ट्रेलर मागितला. विठोबाचं काम, त्याला नाही कसं म्हणायचं? ते म्हणाले, "अंकलीहून मानाचे अश्व आळंदीपर्यंत पायी येतात, त्यांचं काही अडत नाही. तुमच्या ट्रेलरचंच एवढं काय?" मी त्यांना शांतपणे सांगितलं, माउली, चालणारा घोडा मान खाली घालतो, दमला तर थांबतो, पाय कुठं ठेवायचा ते स्वतः ठरवतो. ट्रेलरमध्ये तो बांधलेला असतो. प्रत्येक वळणाला, प्रत्येक ब्रेकला तो चारही पायांवर तोल सावरत असतो आणि पुढं काय येणार ते त्याला दिसत नसतं. मान वर बांधून तासन्‌तास उभा राहिला तर छातीतला कफ बाहेर पडत नाही, फुप्फुसाला सूज येते. म्हणून मी तीन-चार तासांनी थांबते, मान मोकळी सोडते, पाणी दाखवते. मग मी म्हटलं, मी येते. आणि पहाटे चारला निघून घोडा पोहोचवला. त्या दिवशी रिंगणात घोडा धावला तेव्हा मी काठावर उभी होते आणि माझ्या डोळ्यांना धार लागली होती.

लोकांना वाटतं, ट्रेलर म्हणजे ट्रॅक्टरची ट्रॉली, हूक अडकवला की झालं. दोन घोडी चढवल्यावर आपल्या ट्रेलरचं वजन दीड टनाच्या वर जातं आणि ते वजन जिवंत असतं, हलतं. आपल्या गाडीच्या मागचा, ट्रेलर अडकवायचा गोळा 50 मिलिमीटरचा आहे. त्याहून लहान गोळ्यावरही ट्रेलरचा कप बसल्यासारखा वाटतो, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात उडतो. चढवताना आधी मागचा आडवा दांडा लावायचा, मग डोक्यात घातलेल्या मोहरकीचा दोर बांधायचा. उतरवताना उलट: आधी दोर सोडायचा, मग दांडा. हा क्रम चुकला की बांधलेला घोडा मागं जातो, दोर ताणला की घाबरतो आणि डोकं छतावर आपटतो. हे मला शिकायला काही वर्षं लागली. किल्ली देताना हे मी दारात उभ्या उभ्या दहा मिनिटांत कुणाला कसं शिकवू?

आणि रोग. बाजारात कुठून कुठून घोडी येतात. ग्लँडर्स झालेल्या घोड्याला वाचवता येत नाही, त्याला मारावंच लागतं, आणि तो माणसालाही होतो. रक्ताचे नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात तपासले जातात. स्ट्रँगल्समध्ये घशाखाली गाठी पिकतात आणि तो पू, ती शेंबडी लाळ ट्रेलरच्या भिंतीला लागून पुढच्या घोड्याला जाते. म्हणून परक्याचा घोडा नेला की मी ट्रेलर जंतुनाशकानं धुते, मॅट बाहेर काढते आणि सोलापूरच्या उन्हात दिवसभर उघडा ठेवते. ट्रेलर दुसऱ्याकडं गेला की त्यात काय चढलं, काय उतरलं, मला कसं कळणार? तबेल्यात चार जीव आहेत, त्यात एक शिंगरू आहे.

याला अपवाद कुणाचाच नाही, पण घाई कधी करायची ते मला कळतं. एखाद्याच्या घोडीला पोटशूळ उठला, रात्री दोनला फोन आला, तरी मी उठते. घोड्याला उलटी होत नाही, पोटात कोंडलेलं बाहेर पडायला वाट नसते, तिथं तासाचा हिशेब असतो. अशा वेळी किल्ली कुणाला द्यायची हा प्रश्नच येत नाही. आपणच गाडी काढायची.

तर काकांना फोन कर. आधी माफी माग, कारण तू विचारल्याशिवाय शब्द दिलास, आणि ती माफी तुझी आहे, माझ्यावर ढकलू नकोस. "आई देत नाही" असं म्हणू नकोस, "आमच्याकडं ट्रेलर बाहेर जात नाही, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं" असं म्हण. मग सांग की आई स्वतः घोडी घेऊन जायला तयार आहे. टेंभुर्णीवरून जायचं, पहाटे निघायचं. पशुवैद्यकाचा आरोग्य दाखला आधी काढून ठेवायला सांग. 1978च्या प्राणी वाहतुकीच्या नियमांतच तो लागतो आणि तो नसेल तर मी चढवत नाही. त्यांना राग आला तर येऊ दे, उलट बोलू नकोस. आठ दिवसांनी पुन्हा फोन करून घोडी कशी आहे ते विचार.

आणि त्यांना एक विचारून घे: घोडी याआधी कधी ट्रेलरमध्ये चढली आहे का? नसेल तर मी आधी दोन दिवस ट्रेलर त्यांच्या अंगणात नेऊन लावते, रॅम्पवर चंदी ठेवते, सवय होऊ देते. घोडी किती उंच आहे तेही विचार, पार्टिशन त्याप्रमाणे सरकवून ठेवते.

शेंगाचटणी आणि कडक भाकरी उद्याच्या गाडीनं पाठवते आहे. भाकरी हवाबंद डब्यात ठेव.

तुझी,
आई