पैसे घ्यायला पिन लागत नाही

महोदय,

गेल्या महिन्यात आईचे जुने शिलाई मशीन विकण्याची जाहिरात ऑनलाइन टाकली. दहा मिनिटांत फोन आला. 'मी लष्करात आहे, बदली झाली आहे, माणूस पाठवून मशीन नेतो.' मशीन डोळ्यांनी न बघता, साडेचार हजारांत, एका रुपयाचीही घासाघीस न करता सौदा पक्का! जुन्या वस्तूचा भाव न पाडणारे गिऱ्हाईक मी तरी पाहिलेले नाही. शंका तिथेच यायला हवी होती. पाठोपाठ व्हॉट्सअॅपवर गणवेशातला फोटो, ओळखपत्र आणि मग क्यूआर कोड. 'स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील.' आईने चष्मा लावून दोन आकडे दाबलेही होते. मी तिचा हात धरला म्हणून वाचलो.

यूपीआयवर पैसे घेताना पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. काही भामटे जमा झाल्याचा बनावट एसएमएस पाठवून 'चुकून जास्त आले, परत करा' असा तगादा लावतात. तेव्हा मेसेजवर न जाता बँकेच्या अॅपमध्ये शिल्लक पाहावी. फसगत झालीच, तर लाज न बाळगता त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत पांगते.

बँकांनी पासबुकाच्या पहिल्याच पानावर 'पैसे घ्यायला पिन लागत नाही' हे वाक्य मराठीत, ठळक अक्षरांत छापावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, नाशिक